इन्फ्रारेड ट्रान्समीटर-रिसीव्हर आणि वेगवेगळे सिग्नल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका बटणाने एक दिवा लावणारं आयआर (इन्फ्रारेड) सर्किट बहुतेकांचं पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात चालतं. घोळ सुरू होतो तो दुसरं बटण जोडल्यावर. हे दाबलं की ते लागतं, ते दाबलं की दोन्ही लागतात, आणि मध्येच कोणी टीव्हीचा रिमोट हातात घेतला की सगळंच नाचायला लागतं. खालचे बरेचसे प्रश्न त्या टप्प्यावरचे आहेत.

दोन सिग्नलसाठी दोन एलईडी आणि दोन रिसीव्हर लावले. एकच बटण दाबलं तरी दोन्ही रिसीव्हर जागे होतात. असं का?

कारण प्रकाशाला तुमची वायरिंग ठाऊक नसते. एलईडीतून निघालेला झोत शंकूसारखा पसरतो, भिंतीवर, छतावर, तुमच्या शर्टावर आपटून परत येतो आणि खोलीतल्या प्रत्येक रिसीव्हरवर थोडाफार पडतो. दोन्ही एलईडी एकाच तरंगलांबीचे, एकाच वेगाने लुकलुकणारे. मग रिसीव्हरने त्यांना ओळखायचं कशावरून?

जोड्या समोरासमोर आणि जवळ असतील, म्हणजे दारातून कोण गेलं हे मोजणारं सर्किट वगैरे, तर एलईडी आणि रिसीव्हर दोघांवरही काळी नळी चढवून काम भागतं. हीट-श्रिंकचा (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीचा) तुकडाही पुरतो, मात्र काळं दिसणारं काही प्लास्टिक आयआरला आरपार असतं हे लक्षात ठेवा. जोड्या खोलीच्या दोन टोकांना असतील तर नळीचा उपयोग नाही. तिथे सिग्नलमध्येच त्याची ओळख घालावी लागते.

नुसता आयआर एलईडी आणि फोटोडायोड (प्रकाश ओळखणारा साधा भाग) जोडून भागणार नाही का?

दहा-पंधरा सेंटिमीटरवर भागतं. रेषेवर चालणाऱ्या रोबोटमध्ये तेच असतं. पण ऊन, साधे बल्ब, गरम वस्तू या सगळ्यांतून इन्फ्रारेड बाहेर पडतच असतं, आणि फोटोडायोडला तुमचा प्रकाश कोणता नि उन्हाचा कोणता हे कळत नाही. म्हणून एलईडी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात आणि रिसीव्हरला सांगतात की फक्त एवढ्या वेगाने लुकलुकणारा प्रकाश बघ, बाकीचा सोडून दे. या लुकलुकण्यालाच कॅरिअर म्हणतात. घरगुती रिमोटमध्ये तो साधारण ३६ ते ४० किलोहर्ट्झ असतो आणि त्यातही ३८ सगळ्यात जास्त चालतो.

टीएसओपी ३८२३८ किंवा व्हीएस १८३८बी यांसारख्या तीन पायांच्या रिसीव्हरमध्ये फोटोडायोड, अ‍ॅम्प्लिफायर, फिल्टर आणि कॅरिअर काढून टाकणारा भाग सगळं एकत्र येतं. हे स्वतः बांधत बसण्यात शिकायला मिळतं हे खरं, पण पहिल्यांदा करत असाल तर तयार रिसीव्हरच घ्या.

एक सिग्नल ३६ किलोहर्ट्झवर आणि दुसरा ३८ वर पाठवला तर वेगळे राहतील ना?

नाही राहणार. कल्पना फार सुबक वाटते, म्हणून जवळजवळ प्रत्येकजण एकदा तरी या वाटेने जातो. मीही गेलो होतो.

टीएसओपी ३८२ मालिकेच्या (वरचा ३८२३८ तिच्यातलाच) डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, फिल्टरची रुंदी मध्य-वारंवारतेच्या एक दशांश दिली आहे. म्हणजे ३८ च्या रिसीव्हरसाठी ३.८ किलोहर्ट्झ, साधारण ३६.१ पासून ३९.९ पर्यंत. ३६ चा सिग्नल त्या कुंपणाच्या अगदी लगत उभा आहे. शिवाय कुंपण म्हणजे भिंत नव्हे: त्याबाहेर संवेदनक्षमता हळूहळू उतरते, एकदम शून्य होत नाही. जो रिसीव्हर खोलीभर अंतरावरून आलेला मंद प्रकाश पकडतो, त्याला हातभर अंतरावरचा ‘चुकीच्या’ वारंवारतेचा झगझगीत प्रकाश सहज दिसतो.

३८ आणि ५६ अशी जोडी घेतली तर परिस्थिती बरीच सुधारते. तरी जवळून गळती होऊ शकते आणि दोन्ही एकदम चालू झाले तर रिसीव्हर गोंधळतो. वारंवारता हा गोंगाट गाळण्याचा मार्ग आहे. बटणं वेगळी ओळखण्याचं काम तिच्यावर सोपवू नका.

मग सिग्नल वेगळे ठेवायचे कसे?

कोड वापरून. कॅरिअर सगळ्यांचा एकच, ३८ किलोहर्ट्झ. तो ठरावीक लांबीच्या तुकड्यांत चालू-बंद करायचा आणि त्या तुकड्यांच्या क्रमात ‘मी अमुक ट्रान्समीटर, माझं तमुक बटण दाबलंय’ एवढा मजकूर बसवायचा. त्यासाठी दोन रस्ते आहेत. प्रोग्रॅमिंग नको असेल तर एचटी १२ई हा एन्कोडर (कोड बनवणारी चिप) आणि एचटी १२डी हा डिकोडर (कोड उलगडणारी चिप). प्रोग्रॅमिंग चालत असेल तर दोन्ही बाजूंना एकेक मायक्रोकंट्रोलर (अर्डुइनोसारखी प्रोग्रॅम करता येणारी चिप). पण कॅरिअर तयार करणं आणि रिसीव्हर नीट लावणं दोन्हीत सारखंच, म्हणून आधी ते बघू.

५५५ या टायमर चिपने ३८ किलोहर्ट्झ कसा काढायचा? कोणत्या किमती घेऊ?

नेहमीची अ‍ॅस्टेबल (आपणहून सतत चालू-बंद होत राहणारी) जोडणी. सूत्र असं:

वारंवारता = १.४४ ÷ ((आर१ + २ × आर२) × सी)

सी साठी १ नॅनोफॅरड घेतला तर आर१ + २ × आर२ ची बेरीज सुमारे ३७.९ किलोओहम यायला हवी. आर१ १ किलोओहम, पिन ८ आणि ७ च्या मध्ये. आर२ पिन ७ आणि ६ च्या मध्ये: १५ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्याशी एकसरीत १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून किंमत बदलता येणारा रेझिस्टर). पिन २ आणि ६ जोडा, तिथून कपॅसिटर ग्राउंडला. पिन ५ वरून १० नॅनोफॅरड ग्राउंडला. पिन ४ म्हणजे रीसेट. ती सध्या ५ व्होल्टला बांधा, पुढे तिच्यावरच सगळा खेळ आहे.

प्रीसेट का? कारण नुसता १८ किलोओहम घातला तर हिशेबाने ३८.९ येतात, पण कपॅसिटर दहा टक्के इकडेतिकडे असला की वारंवारता ३५ ते ४३ पर्यंत कुठेही जाते. वर दिलेल्या किमतींत प्रीसेट साधारण २८ पासून ४६ किलोहर्ट्झपर्यंत फिरतो, त्यामुळे कपॅसिटरची चूक पोटात घालता येते.

ऑसिलोस्कोप नाही. ३८ लागले हे कळणार कसं?

हर्ट्झ मोजणारा मल्टिमीटर असेल तर पिन ३ वर लावा. तोही नसेल तर पुढचे भाग जोडून झाल्यावर रिसीव्हरलाच विचारा: ट्रान्समीटर इतका लांब न्या किंवा दुसऱ्या दिशेला इतका वळवा की सिग्नल जेमतेम पोचेल, मग प्रीसेट सावकाश फिरवा. जिथे पकड सगळ्यात घट्ट वाटेल तिथे थांबा. हे जवळून करू नका. जवळून सगळ्याच वारंवारता चालतात आणि प्रीसेट कुठेही असला तरी ‘लागलं!’ असं वाटतं.

एलईडी थेट ५५५ च्या पिन ३ ला जोडू का?

टेबलावर चाचणीपुरता रेझिस्टर घालून जोडा. खरा पल्ला हवा असेल तर मध्ये ट्रान्झिस्टर घ्या. बीसी ३३७ किंवा २एन २२२२ चालेल. बीसी ५४७ ची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे, तो या कामाला तोकडा पडतो.

९४० नॅनोमीटरच्या एलईडीवर १०० मिलिअँपिअरला साधारण १.३५ व्होल्ट पडतात आणि ट्रान्झिस्टरवर ०.२ धरा. ५ व्होल्टमधून उरले ३.४५; भागिले ०.१ अँपिअर, म्हणजे ३४.५ ओहम. ३३ किंवा ३९ ओहम लावा. खरं तर उरलेले व्होल्ट रेझिस्टरमध्ये तापवण्याऐवजी दोन एलईडी एकसरीत घालून २२ ओहम लावणं जास्त शहाणपणाचं: तेवढ्याच प्रवाहात दुप्पट प्रकाश. पिन ३ पासून बेसला ४७० ओहम. साध्या ५५५ ची पिन ३ पाच व्होल्टवर फक्त सव्वातीनच्या आसपास चढते, हे त्या हिशेबात धरलं आहे.

रिसीव्हरचे तीन पाय कोणते?

तुमच्या हातातल्या भागाचं डेटाशीट उघडा आणि तेच खरं माना. गोलसर भिंग तुमच्याकडे धरून डावीकडून वाचलं तर जुन्या टीएसओपी १७३८ चे पाय ग्राउंड, पुरवठा, आउटपुट असे आहेत. टीएसओपी ३८२३८ चे मात्र आउटपुट, ग्राउंड, पुरवठा. दिसायला दोन्ही भावंडं. जुन्या आकृतीवरून नवा भाग लावला की पुरवठा उलटा जातो. मी तो लावला, सर्किट का चालत नाही म्हणून बोट ठेवून पाहिलं, आणि बोट व रिसीव्हर दोन्ही भाजले.

पुरवठ्याच्या वाटेवर १०० ओहम आणि रिसीव्हरच्या पायांजवळच ग्राउंडला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला. अनेक आकृत्यांत हे दोन भाग गाळलेले असतात. ते नसले की कधीकधी कोणी काहीच न दाबता आउटपुटवर कचरा येतो.

तपासण्यासाठी: ५ व्होल्टपासून साधा लाल एलईडी आणि १ किलोओहम एकसरीत रिसीव्हरच्या आउटपुटला जोडा आणि कुठल्याही टीव्हीचा रिमोट समोर दाबा. लाल एलईडी फडफडला तर रिसीव्हर ठीक.

५५५ सतत चालू ठेवला तर रिसीव्हरचा एलईडी क्षणभर लागून विझतो. रिसीव्हर खराब आहे का?

नाही, तो अगदी नेमून दिल्याप्रमाणे वागतोय. हा प्रश्न इतक्यांदा येतो की तो पहिला ठेवायला हवा होता.

या रिसीव्हरच्या आत आपोआप आवाज कमी करणारी यंत्रणा असते. न थांबता येणारा ३८ किलोहर्ट्झ म्हणजे कुठल्यातरी दिव्याचा गोंगाट असणार, असं ती समजते आणि कान बंद करते. रिमोट तर कधीच सलग बोलत नाही. तो तुकड्यातुकड्यांत बोलतो. टीएसओपी ३८२ मालिकेला तुकडा किमान १० आवर्तनांचा (म्हणजे कॅरिअरच्या १० लुकलुकींचा) लागतो आणि ७० पर्यंतच्या तुकड्यामागे किमान १० आवर्तनांची विश्रांती लागते. ३८ किलोहर्ट्झला १० आवर्तनं म्हणजे सुमारे ०.२६ मिलिसेकंद. ही संख्या लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

सलग झोत तुटला की घंटा वाजवायची असेल, तर टीएसएसपी ४०३८ सारखा मुद्दाम त्या कामासाठी केलेला रिसीव्हर मिळतो. तो सलग कॅरिअरलाही दाद देतो.

एचटी १२ई आणि १२डी यांना आयआरला कसं जोडायचं?

दोन्ही १८ पायांच्या चिप आहेत. पिन १ ते ८ पत्ता, पिन ९ ग्राउंड, पिन १० ते १३ माहितीचे चार धागे, पिन १८ पुरवठा. पत्त्याची पिन मोकळी सोडली की १, ग्राउंडला टाकली की ०. म्हणजे २५६ पत्ते. दोन्ही चिपवर पत्ता सारखा असला तरच डिकोडर ऐकतो.

एन्कोडरच्या पिन १० ते १३ वर चार बटणं, दुसरं टोक ग्राउंडला. पिन १४ ग्राउंडला टाकली की तो प्रसारण सुरू करतो. पिन १७ मधून कोड बाहेर पडतो. ती पिन १७ घेऊन ५५५ च्या पिन ४ ला जोडा, अर्थात ती आधी ५ व्होल्टपासून सोडवून. आता कोड उंच असेल तेव्हाच ५५५ लुकलुकतो आणि खाली असेल तेव्हा गप्प बसतो. बाकी काही लागत नाही. ट्रान्समीटर पूर्ण झाला.

रिसीव्हरच्या बाजूला एक मेख आहे. टीएसओपी उलटं बोलतो: प्रकाश नसताना आउटपुट उंच, प्रकाश आल्यावर खाली. डिकोडरला सरळ कोड हवा. म्हणून मध्ये एक एनपीएन ट्रान्झिस्टर घाला: टीएसओपीच्या आउटपुटपासून १० किलोओहमने बेस, एमिटर ग्राउंडला, कलेक्टरला ५ व्होल्टपासून १० किलोओहम, आणि तो कलेक्टर डिकोडरच्या पिन १४ ला. ‘सगळं बरोबर आहे पण डिकोडर ढिम्म हलत नाही’ अशी तक्रार असली की मी सगळ्यात आधी हा ट्रान्झिस्टर शोधतो.

बटण दाबलं की डिकोडरच्या त्याच क्रमाच्या पिनवर ० येतो. पिन १७ वैध संदेश येत असेपर्यंत उंच राहते; तिथे एक एलईडी लावून ठेवा, फार वेळ वाचतो.

पिन १७ चा एलईडी जवळून लागतो, दोन-तीन मीटरवर गेलं की लुकलुकतो किंवा लागतच नाही. एलईडीचा प्रवाह वाढवू का?

आधी दोन्ही चिपच्या आतल्या घड्याळाचा, म्हणजे ठोक्यांचा, वेग बघा. एन्कोडरच्या पिन १५-१६ मध्ये सहसा १.१ मेगाओहम आणि डिकोडरच्या त्याच पिनांत ५१ किलोओहम लावतात. ५ व्होल्टवर त्यातून सुमारे ३ आणि १५० किलोहर्ट्झ मिळतात. डिकोडर एन्कोडरच्या साधारण पन्नासपट वेगाने चालायला हवा. एन्कोडर एका बिटला तीन ठोके घेतो, आणि सगळ्यात लहान तुकडा एका ठोक्याचा, म्हणजे ०.३३ मिलिसेकंदाचा. त्यात कॅरिअरची जेमतेम साडेबारा आवर्तनं बसतात. मर्यादा आठवते ना, १० ची? आपण तिच्या काठावर चाललोय. त्यात टीएसओपी तुकड्याची लांबी चार-पाच आवर्तनांनी कमीजास्त करू शकतो. एन्कोडर चुकून ४ किलोहर्ट्झवर गेला तर तुकडा दहाच्या खाली येतो आणि रिसीव्हरला तो दिसतच नाही.

या जोडीचा मूळ वापर रेडिओ मॉड्यूलसाठी जास्त होतो आणि तिथे ही अडचण नसते, म्हणून तिथल्या किमती आयआरमध्ये जशाच्या तशा उचलू नका. वेग कमी करा: एन्कोडरला १.५ मेगाओहम, डिकोडरला ६८ किलोओहम. दोन्ही त्याच प्रमाणात वाढतात त्यामुळे पन्नासपटीचं नातं टिकतं आणि तुकडा सतरा-अठरा आवर्तनांचा होतो. पल्ल्याच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

बटण सोडलं तरी दिवा लागलेलाच राहतो.

डिकोडर शेवटचा वैध संदेश धरून ठेवतो. एन्कोडरची पिन १४ कायम ग्राउंडला असेल तर ‘बटण सुटलं’ हा संदेशही पोचतो आणि दिवा विझतो. बॅटरी वाचवायला बटणाबरोबरच पिन १४ चालू-बंद केली असेल, तर सुटल्याची बातमी पाठवायच्या आधीच ट्रान्समीटर झोपू शकतो. अशा वेळी दिव्याला पिन १७ ची अट घाला: ती उंच असेल तरच दिवा.

दोन ट्रान्समीटर एकाच वेळी दाबले तर?

दोघांचा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि बहुतेक वेळा कोणाचंच पोचत नाही. पत्ता वेगळा असल्याने चुकीचा दिवा लागणार नाही, पण बरोबर दिवाही लागणार नाही. एचटी १२डी तोच संदेश लागोपाठ तीनदा जुळल्याशिवाय मानत नाही, त्यामुळे भेसळ झालेला संदेश पुढे जात नाही. त्याच कारणाने टीव्हीच्या रिमोटने तुमचे दिवे लागत नाहीत.

एकाच ट्रान्समीटरवरची चार बटणं मात्र खुशाल एकदम दाबा. चारही धागे एकाच संदेशात जातात.

दोन ट्रान्समीटर खरोखरच एकाच क्षणी, सतत ऐकू यायला हवे असतील तर टीएसओपी सोडा. साधा फोटोडायोड, त्यामागे अ‍ॅम्प्लिफायर आणि प्रत्येक वारंवारतेला एक एलएम ५६७ टोन डिकोडर. याची पकड १४ टक्क्यांपर्यंत रुंद ठरवता येते, म्हणून वारंवारता एकमेकींपासून भरपूर लांब ठेवा, आणि एक दुसरीच्या पटीत येऊ देऊ नका. मांडायला मजा येते, पण ऊन आणि अंतर दोन्ही जपावं लागतं. नवख्याला मी हे सुचवणार नाही.

मायक्रोकंट्रोलर वापरला तर यातलं काय काय टळतं?

५५५, एन्कोडर, डिकोडर आणि तो उलटवणारा ट्रान्झिस्टर. एलईडीचा ट्रान्झिस्टर राहतोच, कारण १०० मिलिअँपिअर देणं पिनच्या ताकदीबाहेरचं आहे.

स्वतःचा कोड रचत बसण्यापेक्षा एनईसी पद्धत उचला. सुरुवातीला ९ मिलिसेकंद प्रकाश, ४.५ शांतता. मग प्रत्येक बिटला ५६० मायक्रोसेकंदांचा ठोका. पुढची शांतता आखूड असेल तर ०, लांब असेल तर १. पूर्ण बिट ० साठी सुमारे १.१२ आणि १ साठी २.२५ मिलिसेकंदांचा. आठ बिट पत्ता, मग तोच उलटा; आठ बिट आज्ञा, मग तीच उलटी. उलटी प्रत जुळली नाही की संदेश टाकून द्यायचा, इतकी साधी तपासणी. ५६० मायक्रोसेकंदांत २१ आवर्तनं बसतात, म्हणजे टीएसओपीलाही ऐसपैस. अर्डुइनोसाठी आयआररिमोट नावाची तयार लायब्ररी आहे. ट्रान्समीटर म्हणून जुना रिमोट वापरलात तर अर्धं काम आधीच झालेलं असतं.

पल्ला वाढवायचा आहे.

अंतर दुप्पट हवं तर प्रकाश चौपट लागतो, त्यामुळे नुसता प्रवाह वाढवून फार लांब जाता येत नाही. अरुंद कोनाचा एलईडी घ्या, तोच प्रकाश एका दिशेला एकवटतो. मात्र मग नेम धरावा लागतो. रिसीव्हरला सावलीत बसवा. इलेक्ट्रॉनिक चोक असलेल्या ट्यूब आणि सीएफएल याच वारंवारतांच्या आसपास लुकलुकतात, त्यांच्याकडे रिसीव्हरचं तोंड करू नका.

रिसीव्हरने किंवा डिकोडरने थेट रिले चालवता येईल?

नाही. मध्ये ट्रान्झिस्टर, रिलेच्या कॉइलवर उलटा १एन ४००७ डायोड. आणि घरातली वीज ब्रेडबोर्डवर आणू नका, काही झालं तरी.

डोळ्यांना त्रास होतो का?

इतक्या प्रवाहावर, हातभर अंतरावरून, चिंतेचं कारण नाही. पण हा प्रकाश दिसत नसल्याने डोळा आपणहून मिटत नाही, म्हणून ताकदवान एलईडी डोळ्याजवळ धरून ‘लागतोय का’ बघू नका. त्यासाठी फोनचा कॅमेरा आहे. मागच्या कॅमेऱ्यात अनेकदा आयआर अडवणारा फिल्टर असतो. तिथे काही दिसलं नाही तर पुढचा वापरून बघा. जांभळट ठिपका दिसतो.

सगळं तपासलं, तरी चालत नाही. कुठून सुरू करू?

रिसीव्हरकडून. टीव्हीच्या रिमोटने त्याचा लाल एलईडी फडफडतो का? मग फोनच्या कॅमेऱ्यात तुमचा एलईडी दिसतो का? मग एन्कोडरची पिन १७ आणि डिकोडरची पिन १४ तात्पुरत्या एका वायरने सरळ जोडा (दोन्हींचा ग्राउंड एक करून, आणि ट्रान्झिस्टरचा कलेक्टर पिन १४ पासून सोडवून). वायरने डिकोडर चालला आणि प्रकाशाने नाही, तर दोष कॅरिअरमध्ये, वेगात किंवा उलटवणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये. वायरनेही चालला नाही, तर आठही पत्त्यांच्या पिना दोन्ही बाजूंना एकेक करून मोजा. ब्रेडबोर्डवर एक तरी पिन शेजारच्या भोकात गेलेली सापडते.